पेपरक्रीट उष्णता रोखत नाही? मिश्रण बदलण्याआधी काय काय तपासायचं

घरी केलेल्या पेपरक्रीटबद्दल, म्हणजे कागदाचा लगदा आणि सिमेंट मिसळून केलेल्या हलक्या ठोकळ्यांबद्दल, एकच तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. ठोकळा हलका आहे, दिसायला छान आहे, पण चाचणी घेतली की उष्णता सरळ आरपार जाते. त्याच घाण्यातला दुसरा ठोकळा लावला तर तो चांगला निघतो, आणि पहिलाच महिन्याभराने पुन्हा तपासला तर तिसराच आकडा येतो. मग लोक मिश्रणाच्या मागे लागतात. कुणी सिमेंट कमी करतो, कुणी वाळू काढून टाकतो, कुणी वर्तमानपत्राऐवजी पुठ्ठा घेतो.

असे बरेच ठोकळे आणि चाचणीच्या पेट्या (एका बाजूला ठोकळा लावून आतून गरम करायच्या) मी तपासून मार्गी लावल्या आहेत. बहुतेक वेळा मिश्रण ठीकच होतं. ठोकळ्याच्या पोटात पाणी उरलेलं होतं, नाहीतर पेटीतून उष्णता भलतीकडूनच निघून जात होती. म्हणून मिश्रणाला हात लावणं खाली मुद्दाम उशिरा ठेवलं आहे.

लक्षणं

- जाड ठोकळाही बाहेरच्या अंगाने लवकर कोमट लागतो.
- एकाच घाण्यातले दोन ठोकळे वेगवेगळे आकडे देतात.
- चाचणी चालू असताना ठोकळ्यावर किंवा पेटीच्या आत दव धरतं.
- बाहेरचं अंग आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार लागतं आणि आकडा संशय यावा इतका चांगला येतो.
- ठोकळा हातात जड लागतो, बोटाने ठोकला तर बद्द आवाज येतो.
- कित्येक आठवड्यांनंतरही कडा चोळली की भुगा पडतो किंवा नख रुततं.
- कुबट वास येतो, काळे-हिरवे ठिपके दिसतात.

पहिली चार लक्षणं बहुधा पाण्याची किंवा पेटीची असतात. जडपणा पाण्यामुळेही असतो आणि मिश्रणामुळेही, त्यामुळे तो एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. भुगा पडत असेल तर सिमेंटकडे बघायचं. बुरशी दिसली तर पाणी शिल्लक आहे हे नक्की, मग आकडा काहीही येवो.

१. वजन करा

स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा पुरतो. ठोकळ्यावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहा, आठवड्याने पुन्हा वजन करून त्याखाली लिहा. दोन वजनांत १ टक्क्याहून कमी फरक असेल तर ठोकळा चाचणीला तयार समजा. फरक त्याहून जास्त असेल तर चाचणी घेऊच नका, कारण तुम्ही पेपरक्रीट मोजत नसून ओला लगदा मोजत आहात.

पेपरक्रीट उष्णता रोखतं ते कागदाच्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेच्या जोरावर. स्थिर हवेची उष्णतावाहकता (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप, पुढे नुसतं वाहकता) साधारण ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन असते, पाण्याची जवळपास ०.६, म्हणजे वीसपटीहून जास्त. ज्या पोकळीत हवा हवी तिथे पाणी बसलं की तीच पोकळी उष्णतेची वाट होते. मिश्रण कितीही नेमकं असलं तरी यावर इलाज नाही.

वरचं अंग फसवतं. पृष्ठभाग फिकट आणि कोरडा झाला की ठोकळा वाळला असं वाटतं. एखादा ठोकळा राखून ठेवा आणि तो मधोमध करवतीने कापा. बाहेरची बोटभर पट्टी फिकट करडी दिसते आणि मध्ये गडद रंगाचा, हाताला गार लागणारा गाभा असतो. करवतीच्या दात्यांनाही फरक कळतो, कडेला भुसा कोरडा उडतो आणि मध्ये तो पात्याला चिकटून बसतो. ठोकळा कापायचा नसेल तर त्याच्या एका अंगावर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि उबदार जागी रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले तर आत पाणी आहे.

लाकडासाठी मिळणारा सुयांचा ओलावामापक इथे खरा आकडा देत नाही. तो लाकडासाठी जुळवलेला असतो आणि सिमेंटमधल्या क्षारांमुळे त्याचं वाचन बिघडतं. दोन ठोकळ्यांत जास्त ओला कोणता एवढंच त्याला विचारावं.

वाळवताना ठोकळे आडवे एकावर एक रचू नका. पट्ट्यांवर उभे ठेवा, दोन्ही अंगांना वारा लागला पाहिजे. रणरणत्या उन्हात कातडी आधी वाळते, ठोकळा वाकतो आणि तडे जातात. सावलीतला वाहता वारा चांगला. जाडी दुप्पट केली तर वाळायला दुप्पट नाही, जवळपास चौपट वेळ लागतो हे ध्यानात ठेवा. चाचणीपुरता ठोकळा ५ सेंटिमीटरचा केला तर बरीच वाट बघणं वाचतं. साध्या काँक्रीटसारखं वरून पाणी मारायची मात्र गरज नाही. सिमेंटला लागणारं पाणी लगदा स्वतःच बरेच दिवस धरून ठेवतो.

पूर्ण वाळलेला ठोकळाही दमट हवेत पुन्हा ओलावा ओढून घेतो, म्हणून वजन चाचणीच्या दिवशीच करा. चाचणी संपल्यावरही करा. का ते पुढे येईलच.

२. थर्मामीटर एकमेकांशी जुळतात का

ही तपासणी काही मिनिटांची आहे आणि तरीही ती क्वचितच केली जाते. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एका भांड्यात घेऊन ढवळा, त्यात सगळे थर्मामीटर एकदम बुडवा. सगळ्यांनी शून्याच्या आसपास दाखवलं पाहिजे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्यांनी सारखंच दाखवलं पाहिजे, कारण आपल्याला हवा असतो दोन बाजूंमधला फरक. एक थर्मामीटर दीड अंश वर आणि दुसरा एक अंश खाली असेल तर तुमच्या फरकात अडीच अंशांची चूक आधीच शिरलेली असते.

ठोकळ्यावर लावलेला संवेदक नुसता टेकवून ठेवला तर तो अर्धा हवेचं तापमान सांगतो. चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि वर थर्मोकोलचा छोटा तुकडा लावा. लांबून रोखून मोजायचा इन्फ्रारेड थर्मामीटर पेपरक्रीटच्या मंद पृष्ठभागावर बरा चालतो. पेटीला आतून चकचकीत फॉइल लावली असेल तर तिच्यावरचं वाचन सोडून द्या. फॉइल स्वतःची उष्णता फारच कमी बाहेर टाकते, त्यामुळे यंत्राला तिच्यात समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंब दिसतं.

३. पेटी गळते का

घरगुती चाचणीची नेहमीची मांडणी अशी असते: पाच बाजूंना थर्मोकोल, सहाव्या बाजूला ठोकळा, आत उष्णतेचं साधन. पेपरक्रीट वाळताना आकसतं, म्हणून साच्यात चपखल बसलेला ठोकळा पेटीच्या चौकटीत सैल होतो. कडेची केसभर फटही गरम हवेला पुरते. पेटीत धुराची कांडी ठेवून झाकण लावा आणि कडांकडे नीट बघा. धूर दिसला तिथे फोमची पट्टी किंवा चिकटपट्टी लावा.

फटी बुजवल्या तरी एक मोठी गळती उरते, ती म्हणजे पेटीच्या भिंती. इथे थोडं गणित करायलाच हवं.

उष्णता = वाहकता × क्षेत्रफळ × तापमानातला फरक ÷ जाडी.

समजा ठोकळा ३० × ३० सेंटिमीटरचा, ५ सेंटिमीटर जाड आहे, त्याची वाहकता ०.१ आहे आणि आत-बाहेर ३० अंशांचा फरक आहे. त्यातून सुमारे ५.४ वॅट बाहेर जातात. आता उरलेल्या पाच बाजू. तिथे १० सेंटिमीटर जाड थर्मोकोल, वाहकता ०.०३८. पाच बाजू मिळून सुमारे ५.१ वॅट! एवढी जाड पेटी करूनही जवळपास अर्धी उष्णता ठोकळ्याला शिवतसुद्धा नाही. पेटी पातळ असेल तर तुम्ही मुख्यतः पेटीचीच चाचणी घेत असता.

उपाय स्वस्त आहे. ठोकळ्याच्या जागी त्याच मापाचा, त्याच जाडीचा थर्मोकोलचा तुकडा लावून सगळी चाचणी आधी एकदा घ्या. थर्मोकोलची वाहकता साधारण माहीत असते, ०.०३५ ते ०.०४. त्यावरून पेटीचा स्वतःचा खर्च किती ते कळतं आणि पुढच्या प्रत्येक ठोकळ्याच्या हिशेबातून तो वजा करता येतो. तुलनेला थर्मोकोल न लावता आलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, तो माझ्या मनासारखा आला तरीही नाही.

४. पुरेसा वेळ दिला का

बल्ब लावून अर्ध्या तासात घेतलेलं वाचन ठोकळा किती उष्णता पोटात साठवतो ते सांगतं. तो उष्णता किती रोखतो हे त्यातून कळत नाही. जड ठोकळा सावकाश तापतो, म्हणून सुरुवातीला तोच जास्त चांगला वाटतो. दर पंधरा मिनिटांनी दोन्ही बाजूंचं तापमान लिहा आणि ओळीने काही वाचनं सारखी येईपर्यंत थांबा. त्याला कित्येक तास लागू शकतात.

विजेचा बल्ब आत ठेवण्यापेक्षा मला बंद झाकणाच्या बाटलीतलं गरम पाणी जास्त आवडतं. त्यात आगीची भीती नाही, शिवाय थर्मोकोल साधारण ८० अंशांपुढे मऊ पडतो तो प्रश्नही येत नाही. झाकण घट्ट हवं, नाहीतर वाफेबरोबर उष्णता जाते. १ लिटर पाणी १ अंशाने उतरलं म्हणजे ४.२ किलोज्यूल उष्णता गेली. ३ लिटर पाणी घ्या, पेटी आणि ठोकळा एकदा गरम होऊ द्या, मग पाणी पुन्हा गरम भरून मोजायला लागा. वरच्याच पेटीत ३० अंशांच्या फरकाला थर्मोकोलचा तुकडा असताना पाणी १ अंश उतरायला २९ मिनिटांच्या आसपास लागतील. ०.१ वाहकतेच्या पेपरक्रीटला सुमारे २० मिनिटं. ठोकळा ओला असून वाहकता ०.३ वर गेली असेल तर जेमतेम १०. हा फरक साध्या घड्याळावर कळतो. पाणी जसं थंड होतं तसा उतरण्याचा वेगही कमी होतो, म्हणून प्रत्येक ठोकळ्याची तुलना एकाच टप्प्यात करा. एकाला ६० ते ५५ आणि दुसऱ्याला ५० ते ४५ असं चालणार नाही.

आता चाचणीनंतरच्या वजनाचं कारण. ओल्या ठोकळ्यातून पाणी उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, ग्रॅममागे सुमारे २.४ किलोज्यूल. तासाला ५ ग्रॅम पाणी उडालं तरी ३.३ वॅट झाले. आपण ५.४ वॅट मोजायला बसलो आहोत हे लक्षात घ्या. यामुळे दोन उलटसुलट गोष्टी घडतात: आतलं पाणी भराभर थंड होतं आणि ठोकळा वाईट दिसतो, पण बाहेरच्या अंगाचं तापमान तेवढंच बघणाऱ्याला तो गार आणि उत्तम वाटतो. एकच ठोकळा दोन जणांना दोन निकाल देतो तो बहुतेक यामुळे. चाचणीत काही ग्रॅम वजन उतरलं असेल तर तो निकाल बाजूला ठेवा आणि ठोकळा पुन्हा वाळवा.

५. घनता काढा

ठोकळा वाळला, पेटी सुधारली, तरी आकडा वाईटच आला तर मोजपट्टी घ्या. लांबी, रुंदी, जाडी तीन-तीन ठिकाणी मोजून सरासरी काढा. ३० × ३० × ५ सेंटिमीटर म्हणजे ४,५०० घनसेंटिमीटर, वजन १.८ किलो असेल तर घनता ४०० किलो प्रति घनमीटर. साधं काँक्रीट २,४०० च्या घरात असतं. उष्णता रोखण्यासाठीच केलेला ठोकळा ६०० च्या वर गेला की मी मिश्रणाकडे वळतो. जेवढा घन भाग जास्त तेवढी हवा कमी, इतकं हे सरळ आहे.

जड होण्याची नेहमीची कारणं: वाळू जास्त, सिमेंट जास्त, साच्यात दाबून भरलेला लगदा, आणि गुळगुळीत मासिकांचा कागद. त्या चकाकीत माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा थर असतो, त्यामुळे किलोभर कागदात तंतू कमी भरतात. वाळू आकसणं कमी करते हे खरं, पण उष्णताही वाहून नेते. दाब दिल्याने पाणी लवकर निघतं आणि तडे कमी जातात, पण हवाही त्याच दाबाने निघून जाते. भिंतीतल्या उष्णतारोधक थरासाठी मी दोन्ही टाळतो आणि आकसणं सोसतो.

६. लगदा आणि मोजमाप

दोन घाणे वेगळे निघतात त्याचं सर्वांत मोठं कारण बादलीने मोजणं. बादलीभर लगद्यात किती कागद आणि किती पाणी हे दर वेळी बदलतं. कागद भिजवण्याआधी कोरडाच तोलून घ्या आणि सिमेंटही तोलूनच घाला. कोरड्या वजनाने कागद १ आणि सिमेंट १ ते १.५ इथून मी सुरुवात करतो.

कागद रात्रभर भिजू द्या, मग ड्रिलला घुसळणी लावून फिरवा. मूठभर लगदा पिळून त्याचा गोळा फोडा. आत कागदाचे पापुद्रे किंवा अक्षरं दिसली तर अजून घुसळायला हवा, कारण अशा गुठळीत सिमेंट शिरत नाही आणि ती सगळ्यांत शेवटी वाळते. पण पार खीर होईपर्यंतही फिरवू नका. तंतू बारीक झाले की दाट बसतात आणि ठोकळा जास्त आकसतो.

साच्यातून निथळणारं पाणी काचेच्या ग्लासात धरून तासभर ठेवा. तळाशी करडा थर जाड बसला तर सिमेंट पाण्याबरोबर वाहून चाललं आहे. सिमेंट घालण्याआधीच लगदा निथळून घ्या आणि साच्याला बारीक जाळी लावा.

७. सिमेंट आवळतं का

भुगा पडणाऱ्या ठोकळ्यासाठी ही तपासणी. आधी पिशवीत हात घाला. बोटाने सहज फुटणाऱ्या गुठळ्या दाबामुळे झालेल्या असतात, त्यांची काळजी नको. न फुटणारे खडे म्हणजे सिमेंटने ओल धरली आहे, ते वापरू नका.

मग तीन कप मांडा. पहिल्यात सिमेंट आणि साधं पाणी. दुसऱ्यात सिमेंट आणि लगदा पिळून काढलेलं पाणी. तिसऱ्यात तुमचं नेहमीचं मिश्रण. दुसऱ्या दिवशी नख लावून बघा. पहिलाच कप मऊ असेल तर सिमेंट गेलं आहे. पहिला कडक आणि दुसरा मऊ असेल तर कागदातून उतरलेलं काहीतरी सिमेंटला आवळू देत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन आणि इतर घटक उरलेले असतात, पुठ्ठ्याच्या डिंकात स्टार्च असतो, आणि साखर-स्टार्चसारखे पदार्थ सिमेंटचं आवळणं लांबवतात. भिजवलेलं पाणी फेकून लगदा नव्या पाण्यात घ्या. बुरशी किंवा आग रोखायला बोरॅक्स घातलं असेल तर संशय आधी त्याच्यावर घ्या, तेही सिमेंटला बरंच मागे खेचतं.

पहिले दोन कडक आणि तिसराच मऊ असेल तर सिमेंट कमी पडतंय किंवा नीट मिसळलेलं नाही.

ओल्या सिमेंटचा पीएच १२ ते १३ असतो. रबरी हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा. त्वचेची जळजळ बऱ्याच वेळाने जाणवते, तोपर्यंत इजा झालेली असते. डोळ्यात उडालं तर स्वच्छ पाण्याने निदान २० मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. वाट बघू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

भिंतीवर छताचा किंवा मजल्याचा भार येणार असेल तर घरगुती चाचणीचा काही उपयोग नाही. पेपरक्रीट भाराखाली दबतं आणि दबतच राहतं. सांगाडा वेगळा असावा आणि तो स्थापत्य अभियंत्याने ठरवावा.

चूल, धुराडं, विजेच्या तारा यांच्याजवळ वापरायचं असेल तर अग्निसुरक्षेच्या जाणकाराला विचारल्याशिवाय लावू नका. कागद जास्त असलेलं पेपरक्रीट भडकत नाही, पण आतल्या आत तासन्‌तास धुमसत राहू शकतं. चाचणीत जळका वास आला तर वीज बंद करा, ठोकळा मोकळ्या जागेत न्या, फोडा आणि पाण्यात बुडवा. वरून पाणी मारून विझला असं समजू नका. पेटीतल्या बल्बमुळे घरातला सुरक्षा-स्विच पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करू नका, इलेक्ट्रिशियनला दाखवा.

उभ्या भिंतीत बुरशी दिसली तर ठोकळे वाळवून काही होणार नाही. पाणी कुठूनतरी येत आहे, मग ती नळाची गळती असो, छताची असो की जमिनीतली ओल. ती शोधायला त्या कामातला माणूस बोलवा, आणि घरात दम्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर ती खोली तोवर बंद ठेवा.

बांधकामाच्या परवानगीसाठी किंवा कुणाला विकण्यासाठी वाहकतेचा आकडा हवा असेल तर वरची पेटी पुरेशी नाही. त्यासाठी एएसटीएम सी १७७, सी ५१८ किंवा आयएसओ ८३०२ या पद्धतीने मोजणारी प्रयोगशाळा लागते. नमुना पाठवण्याआधी त्याचं वजन स्थिर होऊ द्या, तो प्लास्टिकमध्ये हवाबंद करा, आणि सोबत बंद करतानाचं वजन, घनता, कोरड्या वजनाचं प्रमाण आणि कागदाचा प्रकार लिहून द्या. नमुना पोचल्यावर त्यांनी पुन्हा वजन करावं असंही त्यात लिहा.